इंजिन थंड, तर धुराचा आकडा फसवा!

वाहनाच्या धुराची तपासणी म्हटली, की सर्वांचे लक्ष यंत्रावर उमटणाऱ्या आकड्याकडे लागते. हा आकडा कितपत खरा, हे मात्र आणखी एका आकड्यावर अवलंबून असते. तो म्हणजे इंजिन ऑइलचे तापमान.

भारतात 'पीयूसी' प्रमाणपत्रासाठी डिझेल वाहनांचा धूर 'फ्री अ‍ॅक्सिलरेशन' पद्धतीने मोजला जातो. वाहन न्यूट्रलमध्ये जागेवरच उभे ठेवून अ‍ॅक्सिलरेटर झटकन पूर्ण दाबला जातो आणि बाहेर पडणाऱ्या धुराची घनता यंत्र टिपते. भारत स्टेज-४ पूर्वीच्या वाहनांसाठी ६५, तर भारत स्टेज-४ वाहनांसाठी ५० हार्टरिज एकक अशी मर्यादा आहे.

थंड इंजिनाचा धूर अधिक का?

सिलिंडर थंड असेल तर इंधनाची नीट वाफ होत नाही आणि ज्वलन अर्धवट राहते. शिवाय थंड ऑइल दाट असल्याने घर्षण वाढते व इंजिनाला जादा इंधन लागते. पेट्रोल वाहनात सुरुवातीला इंधनाचे प्रमाण मुद्दाम वाढवलेले असते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही तापल्याखेरीज काम करू लागत नाही. परिणामी, सुस्थितीतील वाहनही नापास होऊ शकते.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. थंड ऑइल टर्बो व बेअरिंगपर्यंत वेळेवर पोहोचत नाही, त्यामुळे अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यास इंजिनाला इजा होण्याचा धोका असतो. या भीतीने तो अर्धवटच दाबला, तर धूर कमी दिसतो आणि खरोखर प्रदूषण करणारे वाहन बिनबोभाट उत्तीर्ण होते. त्याचा धूर अखेर रस्त्यावरील सर्वांच्याच छातीत जातो.

काट्यावर विसंबू नका

डॅशबोर्डवरील काटा कूलंटचे तापमान दाखवतो. कूलंट लवकर तापते. ऑइल मात्र त्याच्या मागे रेंगाळते. म्हणूनच युरोपीय संघाच्या नियमांत डिझेल वाहनाचे ऑइल किमान ८० अंश सेल्सिअस, किंवा इंजिनाचे नेहमीचे तापमान त्याहून कमी असल्यास तितके, तापलेले असावे अशी अट आहे.

मोजतात कसे?

ऑइलची पातळी पाहण्याची डिपस्टिक काढून त्या नळीत तापमापकाची लवचीक तार सोडली जाते. तारेची लांबी डिपस्टिकइतकीच ठेवावी लागते. ती आखूड पडली तर ऑइलऐवजी वरच्या हवेचे तापमान मिळते. अधिक लांब गेली तर फिरत्या भागांना लागण्याची भीती असते. काही नव्या मोटारींना डिपस्टिकच नसते. अशा वेळी इंजिन ब्लॉकचे तापमान इन्फ्रारेड किरणांद्वारे मोजणे किंवा कूलिंग फॅन सुरू होण्याची वाट पाहणे, हे पर्याय युरोपीय नियमांनी दिले आहेत.

वाहनधारकांनी काय करावे?

तपासणीला जाण्यापूर्वी वाहन काही किलोमीटर चालवावे; नुसते जागेवर सुरू ठेवून ऑइल लवकर तापत नाही. केंद्रावर मोठी रांग असल्यास इंजिन पुन्हा निवते, हेही ध्यानात ठेवावे. ऑइलची पातळी आधीच पाहून घ्यावी आणि डिझेल वाहन असल्यास तापमान मोजले का, हे केंद्रचालकाला आवर्जून विचारावे. मोटार वाहन कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीनुसार प्रदूषणविषयक नियमभंगासाठी १० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र इंजिन थंड असताना मिळालेले प्रमाणपत्र दंड वाचवील, हवा नव्हे.