केळुसकरांनी दिलेलं पुस्तक

भोईवाडा-परळच्या चाळींत पोरांच्या हाती काय वाचायला पडत आलं याचा माग काढायचा, तर सुरुवात सुभेदार रामजी आंबेडकरांच्या घरापासून करावी लागते. १९०४च्या सुमारास साताऱ्याहून आलेलं हे कुटुंब परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहिलं. मुलांना समोर बसवून रामजी रामायण-महाभारत वाचायला लावत. धाकट्यांसाठी वेगळी, सोपी केलेली प्रत असला प्रकार नव्हता. थोरांनी ऐकायचं तेच पोरांनी वाचायचं.

पुढे रामजींचा मुलगा भीमराव, म्हणजे नंतरचे बाबासाहेब, परीक्षा पास झाला म्हणून समाजातल्या लोकांनी सत्कार ठरवला. रामजींचा विरोध होता. पोराच्या डोक्यात हवा जाईल, ही भीती. लेखक कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी त्यांचं मन वळवलं, अध्यक्षपद घेतलं आणि भाषणाच्या शेवटी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र मुलाच्या हाती ठेवलं. १८९८ साली निघालेला हा ग्रंथ प्रौढ मराठी वाचकासाठी लिहिलेला होता. मुलगा अजून शाळेतच होता.

त्या वाचनातून काय झालं, ते बाबासाहेबांनी १९५६ साली स्वतःच लिहून ठेवलंय. मुलाने बापाला विचारलं, ज्या कथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा गौरव आणि शूद्र-अस्पृश्यांची हेटाळणी आहे, त्या आम्हाला कशाला वाचायला लावता? रामजींनी आधी प्रश्न उडवून लावला, पुन्हा विचारल्यावर द्रोण, कर्ण, वाल्मीकी यांची उदाहरणं दिली: लहान परिस्थितीतून मोठी झालेली माणसं. मुलाचं समाधान झालं नाही. मला या साऱ्या प्रसंगात हा प्रश्नच सर्वात मोलाचा वाटतो. मुलगा बालवाचनाच्या शिडीवर एकेक पायरी चढत बसला असता, तर हा प्रश्न इतक्या लवकर त्याच्या तोंडी आला असता का? आणि रामजींचंही मोठेपण पाहा. प्रश्न त्यांनी कायमचा दडपला नाही, शेवटी उत्तर दिलं.

पुढे घराबाहेरही वाचनाची सोय होत गेली. ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगने १९११पासून कामगारांसाठी वाचनालयं चालवली. परळच्या दामोदर हॉलमध्ये १९२४ साली बाबासाहेबांच्या पुढाकाराने बहिष्कृत हितकारिणी सभेची जुळवाजुळव झाली, तेव्हा उद्दिष्टांत वाचनालयं काढणं आवर्जून होतं. केळुसकरांनी दिलेल्या पुस्तकाचं ऋण त्यात मला दिसतं.

मग बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा आल्या. त्यांतले झुंजार आणि काळा पहाड थोरांसाठी होते की पोरांसाठी, हे कुणी विचारलं नाही. वडीलधाऱ्यांनी नाकं मुरडली, पण सलग पानंच्या पानं वाचायची सवय कितीतरी जणांना त्यांनीच लावली. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, १९७१ साली ‘किशोर’ मासिक निघालं. मुलांसाठी मुद्दाम केलेलं हे काम उत्तमच होतं. त्याने दार उघडलं. पण आता पुस्तकावर वयोगट छापलेला असतो आणि आईबाप तो औषधाच्या मात्रेसारखा पाळतात, याने मी अस्वस्थ होतो.

१९७८ साली आलेलं दया पवारांचं ‘बलुतं’ हे आत्मकथन तेरा वर्षांच्या मुलीला द्यावं का? त्यात भूक आहे, अपमान आहे, शरीराचे उल्लेख आहेत. मी देईन. मात्र ते आधी मीही पुन्हा वाचेन आणि ती विचारायला आली की हातातलं काम बाजूला ठेवेन.