सदस्य गैरहजर असेल तर निर्णय कोण घेणार?



नागरिकशास्त्राच्या तासाला मुलं 'गणपूर्ती' हा शब्द पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. म्हणून व्याख्येच्या आधी त्यांना एक प्रश्न विचारा : समितीतला एक माणूस आलाच नाही, तर ज्याचं काम तिच्यापुढे आहे त्याने काय करायचं? कायद्याने याची तीन उत्तरं दिली आहेत.

१) किमान हजेरी

ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल, तेवढे मतदार हजर लागतात. आमच्या तेरसारख्या मोठ्या गावात १५ टक्के म्हणजे १०० पेक्षा कितीतरी जास्त होतात, त्यामुळे इथे १०० पुरतात. मुलांना हे गणित फळ्यावर करायला लावा.

२) ठरलेला दुसरा माणूस

सरपंच नसतील तर उपसरपंच सभा चालवतात. शाळा व्यवस्थापन समितीतही अध्यक्ष आणि उपाध्यक्ष दोघेही पालकांमधूनच निवडले जातात. अध्यक्ष आले नाहीत म्हणून मुख्याध्यापकांनी त्या खुर्चीत बसायचं नसतं, ते सदस्य सचिव असतात. पालकांची जागा पालकानेच भरायची.

३) आधीच तयार ठेवलेली यादी

बाल न्याय मंडळाचं उदाहरण घ्या. १८ वर्षांखालच्या मुलावर गुन्ह्याचा आरोप आला तर त्याचं प्रकरण या मंडळापुढे जातं. मंडळात एक प्रधान दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्या दोघांत किमान एक महिला. २०१५ च्या कायद्यानुसार मधल्या एखाद्या तारखेला कुणी सदस्य नव्हता, एवढ्यावरून आदेश रद्द ठरत नाही. पण अंतिम निकालाच्या वेळी प्रधान दंडाधिकारी धरून किमान दोघं हजर पाहिजेत. मूल घडलं कसं, घरची परिस्थिती काय, हे बघणारं माणूस तिथे असावं म्हणून ही अट. ती पूर्ण झाली नाही तर निकाल पुढे जातो. पुढची तारीख म्हणजे मुलाची शाळा बुडते आणि बापाची मजुरी.

म्हणूनच कारणाशिवाय सलग तीन महिने न येणाऱ्या किंवा वर्षातल्या तीन-चतुर्थांश बैठकांनाही हजर न राहणाऱ्या सदस्याची नेमणूक रद्द करता येते. रिकामी जागा निवड समितीने आधीच तयार केलेल्या नावांच्या यादीतून भरायची असते. जवळचा कुणी बोलावून "तुम्ही बसा हो आज" असं चालत नाही.

देशाच्या पातळीवरही हेच

सर्वोच्च न्यायालयात गणपूर्तीइतके न्यायाधीश नसतील, तर कलम १२७ नुसार सरन्यायाधीश राष्ट्रपतींच्या संमतीने उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना तात्पुरतं बोलावू शकतात.

१९६९ मध्ये राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचं निधन झालं आणि उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी त्यांचं काम पाहिलं. जुलैमध्ये गिरींनीही निवडणूक लढवायला राजीनामा दिला. आता कोण? संसदेने त्याची सोय कायद्याने आधीच करून ठेवली होती. त्यानुसार सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला यांनी २० जुलै ते २४ ऑगस्ट हे काम सांभाळलं. हे हिदायतुल्ला एकेकाळी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते.

मुलांना काय कळावं?

बदली माणूस गैरहजेरीच्या आधी ठरलेला असावा, आणि तो नियमाने ठरावा, हजर असलेल्यांच्या मर्जीने नाही. वाद सुरू झाल्यावर नियम करणं म्हणजे वरातीमागून घोडं. मग जो तो आपल्या बाजूचाच माणूस सुचवतो.

वर्गात करून बघा : पाच मुलांची 'तक्रार समिती' नेमा. कमीत कमी किती जण हवेत आणि कुणाच्या जागी कोण, हे पहिल्याच दिवशी लिहून भिंतीवर लावा. समितीतल्याच मुलाची तक्रार आली तर त्याने त्या दिवशी उठायचं आणि यादीतल्या पुढच्याने बसायचं. बदली आलेल्या मुलाने आधीची वही वाचल्याशिवाय मत द्यायचं नाही, हाही नियम ठेवा.

पालकहो, शाळा व्यवस्थापन समितीत तुमचं नाव असेल, तर पुढच्या बैठकीला जरूर या. तिथे रिकामी राहते ती आपल्याच मुलांच्या बाजूची खुर्ची.