कार्टूनच्या घरात म्हातारं माणूस कुठे बसतं?

२०२५च्या सप्टेंबरात दहा दिवसांच्या अंतराने दोन बातम्या आल्या. १६ तारखेला राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्स उद्योगाच्या धोरणाला मंजुरी दिली. २६ तारखेला शिनचॅन या जपानी कार्टूनचा नवा सिनेमा आपल्याकडे लागला, आणि त्यात त्याच्या कासुकाबेची ती सगळी पोरं थेट भारतात येऊन नाचली. या दोन्ही बातम्या वाचकांना ठाऊक आहेत. त्या शेजारी शेजारी ठेवून वाचायला हव्यात, एवढ्यासाठी हा लेख.

भंडारा-पवनी रस्त्यावरच्या आमच्या अड्याळात पोट्ट्यांना शिनचॅन कोण हे सांगावं लागत नाही. त्याच्या आईचं नाव, धाकट्या बहिणीचं नाव, कुत्र्याचं नाव, बापाच्या मोज्यांचा वास, सगळं पाठ असतं. याच पोरांना कार्टूनमधल्या एखाद्या मराठी घराचं नाव विचारा, ती एकमेकांकडे बघतात. यात त्यांचा काहीच दोष नाही. वर्षानुवर्षं चाललेलं, नाव काढताच ओळखू यावं असं मराठी घर कार्टूनमधून टीव्हीवर आलेलंच नाही.

कुटुंबाच्या गमतीजमतींवरच्या कार्टून मालिका मी एका प्रश्नाच्या आधारे बघतो. त्या घरात म्हातारं माणूस कुठे बसतं? चित्रं कशी काढलीत, विनोद किती जमलेत, हे नंतर. घरातल्या म्हाताऱ्याची जागा कळली की त्या काळातलं घर कळतं.

सुरुवात अर्थातच फ्लिंटस्टोन्सपासून. ३० सप्टेंबर १९६०, शुक्रवार, रात्री साडेआठ. अमेरिकेत मोठ्यांच्या वेळेत लागलेली ही पहिली कार्टून मालिका. ती करणारे विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा म्हणजे टॉम अँड जेरीचे कर्ते. सिनेमा कंपनीने १९५७मध्ये कार्टून विभाग बंद केला आणि दोघे टीव्हीकडे वळले. टीव्हीकडे पैसा कमी होता. टॉमच्या एका धावेसाठी जितकी चित्रं लागत, तितक्यात इथे मोठा प्रसंग भागवायचा होता. म्हणून त्यांनी काटकसरीची रीत बसवली. धड स्थिर ठेवायचं, तोंड आणि हात तेवढे हलवायचे. मालिकेचा नायक असलेल्या फ्रेडच्या गळ्यातल्या टायनेही याच कामी मदत केली. गळ्याशी रेघ आखून दिली की खालचं अंग तसंच ठेवून नुसतं डोकं पुन्हा काढता येतं. फ्रेड घरातून पळत सुटला की मागून तीच खिडकी, तोच दिवा पुन्हा पुन्हा सरकत राहतो, तोही याच हिशेबातून.

चित्र हलत नसेल तर प्रेक्षकाला धरून ठेवायचं कशाने? बोलण्याने. नवरा-बायकोची कुरबुर, शेजाऱ्याशी पैज, साहेबाची भीती, रात्री उशिरा घरी आल्यावरची सारवासारव. ‘द हनीमूनर्स’ या त्या काळच्या गाजलेल्या मालिकेचा साचा समोर होताच. कौटुंबिक कार्टून मालिका हा प्रकार टिकला तो अशा संवादाच्या जोरावर. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण तो आपल्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या भागाच्या, फार कामाचा आहे.

फ्लिंटस्टोन्सचं घर अश्मयुगातलं, पण पैसा १९६०चा. सुरुवातीला विन्स्टन सिगारेट कंपनी प्रायोजक होती आणि फ्रेड आणि त्याचा शेजारी बार्नी जाहिरातीत झुरके मारत. १९६३मध्ये फ्रेडच्या घरी पेबल्स जन्मली, सिगारेट गेली आणि द्राक्षाच्या रसाची कंपनी आली. घरात पाळणा हलला की जाहिरातदारही बदलतो, हे टीव्हीने तेव्हाच शिकून घेतलं. आणि म्हातारं माणूस? फ्रेडची सासू. ती पाहुणी म्हणून येते, जावयाशी भांडते, जाते. फ्लिंटस्टोन्सनंतर दोनच वर्षांनी त्याच मंडळींनी काढलेल्या ‘द जेट्सन्स’मध्ये घरकामाला रोझी नावाची यंत्रबाई आहे, आजी नाही.

जपानने मात्र म्हाताऱ्यांना घरात बसवलं. ‘साझाए-सान’ ही मालिका ५ ऑक्टोबर १९६९ला सुरू झाली आणि आजही दर रविवारी संध्याकाळी साडेसहाला लागते. जगात सर्वात जास्त काळ चाललेली कार्टून मालिका म्हणून गिनीज बुकात तिची नोंद आहे. माचिको हासेगावा या चित्रकर्तीने १९४६पासून वर्तमानपत्रात काढलेल्या चित्रपट्टीवरून ती घेतली. घरात सात माणसं. आईबाप, थोरली लेक साझाए, तिचा नवरा, तिचा लहानगा मुलगा, आणि तिची दोन धाकटी भावंडं. म्हणजे जावई सासुरवाडीत राहतो, सासऱ्याबरोबर बसून पितो, आणि या गोष्टीची कुणाला लाज नाही. आपल्याकडे घरजावयाच्या नुसत्या उल्लेखावर अर्ध्या नाटकाचा हशा निघतो. तिथे तो पन्नासाहून अधिक वर्षं घरातला एक साधा माणूस आहे. जपानी घरं दरम्यान लहान झाली, माणसं एकेकटी राहू लागली, पण या घरात कुणाचं वय वाढलं नाही. मालिका संपली की उद्या सोमवार या विचाराने जपानी नोकरदाराचं मन खट्टू होतं, आणि त्या उदासीला तिथे या मालिकेचंच नाव दिलं गेलं आहे.

तिथून शिनचॅनकडे या. मालिका १३ एप्रिल १९९२ची. योशितो उसुई यांची मूळ चित्रकथा १९९०ची, तीही मोठ्या माणसांच्या साप्ताहिकात आलेली. घर टोकियोबाहेरच्या कासुकाबेत. बाप रेल्वेने लटकत कामाला जातो, घराच्या कर्जाची ३२ वर्षं शिल्लक आहेत, आई स्वस्तातली खरेदी शोधत फिरते. आजी-आजोबा? एका बाजूचे दूर उत्तरेला अकितात, दुसऱ्या बाजूचे दक्षिणेला कुमामोतोत. ते अधूनमधून उतरतात, दोन्ही आजोबांची जुंपते, घर चार दिवस गजबजतं, मग पुन्हा तिघा-चौघांचं होतं. १९६९ आणि १९९२ या दोन मालिकांच्या मध्ये एका देशातलं घर कसं फुटलं, हे समाजशास्त्राच्या पुस्तकाहून इथे लवकर समजतं. अड्याळच्या माणसाला हे नवं नाही. पोरगा नागपूर-पुण्याला, म्हातारी इथे, भेट दिवाळीला.

भारतात शिनचॅन २००६मध्ये आला. पोरं उलट उत्तरं द्यायला लागली अशी ओरड झाली, २००८मध्ये केंद्र सरकारने त्याच्यावर बंदी घातली, मग काटछाट करून तो परतला. सगळा वाद पोराच्या आगाऊपणावर झाला. त्या घरातल्या दमलेल्या बापाकडे आणि पैसा पुरवून पुरवून वापरणाऱ्या आईकडे कुणी पाहिलं नाही. माझ्या मते त्या मालिकेचा खरा जीव तिथे आहे. एवढ्या हूड पोराला सांभाळताना ते दोघं चिडतात, रडकुंडीला येतात, पण घर मोडत नाही. आपल्या मुलांनी ते पाहिलं याचं मला दुःख नाही. फक्त जपानचंच पाहिलं, याचं आहे.

अमेरिकेत १७ डिसेंबर १९८९ला सिम्प्सन्सचं घर उभं राहिलं. मॅट ग्रोनिंगने आईबापाची आणि दोन बहिणींची खरी नावं पात्रांना देऊन टाकली. फ्लिंटस्टोन्सच्या मागे ध्वनिफितीवरचा हशा वाजत असे. इथे तो काढून टाकला, कुठे हसायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. या कुटुंबाचा राग थेट राष्ट्राध्यक्षांना आला. थोरल्या बुश यांनी १९९२मध्ये भाषणात सांगितलं की अमेरिकी कुटुंबं सिम्प्सन्ससारखी नकोत. आज ते घर बघताना वेगळंच खटकतं. बाप होमर अणुवीज केंद्रात साधी नोकरी करतो आणि एका पगारात दुमजली घर, दोन गाड्या, तीन मुलं चालतात. हे आता तिथल्याही कितीतरी माणसांना परवडत नाही. होमरचा बाप एब वृद्धाश्रमात आहे. तो जुन्या गोष्टी सांगायला लागला की सगळे उठून जातात, आणि प्रेक्षक त्यावर हसतो. मला त्या हसण्यात कधी सामील होता आलं नाही.

होमरचा मुलगा बार्ट मात्र अजून दहाच वर्षांचा आहे, आणि ही मालिका २०२९पर्यंत चालवायचं वाहिनीने जाहीर केलं आहे. याउलट ‘किंग ऑफ द हिल’ने ऑगस्ट २०२५मध्ये केलं ते धाडसाचं आहे. १९९७ला सुरू झालेली ही टेक्ससमधल्या हँक या गॅसविक्रेत्याच्या घरची गोष्ट बरीच वर्षं बंद राहून परतली, तीही सगळ्यांची वयं वाढवून. हँक आणि त्याची बायको पेगी सौदी अरेबियातली नोकरी संपवून घरी आलेत, त्यांचा बावळट वाटणारा मुलगा बॉबी २१ वर्षांचा आहे आणि डॅलसमध्ये स्वयंपाकी म्हणून नाव काढतोय. कालचे आईबाप आजचे म्हातारे झाले. कार्टूनमध्ये माणसाला म्हातारं होऊ देणं याला हिंमत लागते. मला विचाराल तर या घडीला सिम्प्सन्सपेक्षा ही मालिका सरस आहे.

आता आपल्याकडे. भारतीय ॲनिमेशनचे पितामह राम मोहन यांनी नव्वदच्या दशकात युनिसेफसाठी ‘मीना’ घडवली. सुरुवातीचे भाग मनिलातल्या हॅना-बार्बेरांच्याच स्टुडिओत तयार झाले, म्हणजे ज्या मंडळींनी फ्रेडचं घर बांधलं त्यांच्याच छपराखाली मीनाचंही घर बांधलं गेलं. घरात आई, बाबा, आजी, भाऊ राजू, तान्ही राणी आणि मिठू पोपट. आंबा वाटायचा तर राजूला मोठी फोड आणि मीनाला लहान. मग दोघं एक दिवस एकमेकांची कामं करून बघतात आणि राजूची दमछाक होते. शेणमातीच्या घरातली ही गोष्ट दक्षिण आशियातल्या कुठल्याही गावाला आपली वाटावी अशी बेतली होती. आपल्या जिल्हा परिषद शाळांतले ‘मीना-राजू मंच’ याच भावंडांच्या नावाने चालतात. आजी चुलीपाशी, सगळ्यांच्या मध्ये. पण मीना शिकवण्यासाठी काढलेली होती, दर भागाला एक धडा होता. नुसतं हसायला, भांडायला, दर आठवड्याला शेजारी म्हणून डोकवायला ती आली नाही.

त्या जागी २०२१मध्ये ‘तारक मेहता का छोटा चश्मा’ आला. मूळ मालिका २००८ची, तिच्याही मुळाशी तारक मेहतांचं ‘चित्रलेखा’तलं १९७१पासूनचं गुजराती सदर. इथे चंपकलाल बापूजी घराच्या मधोमध बसतात आणि त्यांचा मुलगा जेठालाल त्यांच्यापुढे मान खाली घालतो. मूळ मालिकेतली जेठालालची बायको दया २०१७नंतर दिसेनाशी झाली, कार्टूनमध्ये ती तशीच गरबा करते. नट निघून जातात, चित्र राहतं. ही मंडळी राहतात त्या सोसायटीत एक मराठी घर आहे, भिडे मास्तरांचं. शिकवण्या घेणारे, ‘सखाराम’ नावाची स्कूटर जपणारे, बायको लोणची-पापड विकते. देशभरच्या मुलांनी कार्टूनमध्ये पाहिलेलं मराठी घर कोणतं म्हणाल तर हे. मूळ हिंदी, आणि तेही दुसऱ्याच्या गोष्टीतलं बिऱ्हाड.

आपल्या हातात चिंटू होता. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी २१ नोव्हेंबर १९९१पासून ‘सकाळ’मध्ये त्याला रोज भेटायला लावलं. आई, पप्पा, मित्रमंडळी, जोशीकाका, सगळं घर काढून तयार होतं. तो २०१२मध्ये मोठ्या पडद्यावर आला तेव्हा खऱ्या नटांना घेऊन आला. सिनेमा केला त्यांनी तो प्रेमाने केला. पण जपानने १९४६ची चित्रपट्टी उचलून १९६९पासून चालवली, आणि आपण चित्रातला मुलगा चित्रातच हलवू शकलो नाही, याची मला खंत वाटते.

पैसा नाही, हे उत्तर मला मान्य नाही. फ्लिंटस्टोन्स पैशाच्या टंचाईतून जन्मले. कमी चित्रांत, बोलण्याच्या बळावर घर उभं करायचं असतं, आणि घरगुती बोलण्यावर रात्र जागवणारी माणसं आमच्याकडे आहेत. दिवाळी झाली की मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरतात, वडशाहून नाटक कंपन्या निघतात, धान कापून मोकळी झालेली माणसं पहाटेपर्यंत मांडवात बसतात. विषय काय? भावांची वाटणी, सासू-सुना, दारू पिणारा बाप, शिकून शहरात गेलेला आणि मायबापाला विसरलेला पोरगा. मधेच विनोदी पात्र घुसतं आणि रडणाऱ्यांना हसवून जातं. हीच विनोदाची कला करणाऱ्या परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीसाठी आयुष्य वेचलं. संवाद लिहिणारे, बोलणारे आणि त्यांना दाद देणारे असे तिन्ही इथे जागेवर आहेत. ओसरीवर बसून सगळ्यांना टोमणे मारणारी आजी, रोवणीच्या दिवसांत माणसं मिळत नाहीत म्हणून बांधीवर बसून राहिलेला बाप, मोबाईलवर शिनचॅन बघणारं पोट्टं. एवढ्यावर कितीतरी भाग निघतील.

बांगलादेशाने २०१३मध्ये हिंदीतला डोरेमॉन बंद केला, कारण मुलं हिंदी बोलू लागली होती. बंदीने भाषा वाचत नाही. पोराला बघायला दुसरं काही दिलं तर ते बघेल.

राज्याच्या धोरणात २०५० पर्यंतचे ३,२६८ कोटी आहेत, दोन लाख रोजगारांचा अंदाज आहे. त्यातून इमारती आणि संगणक उभे राहतील, बाहेरच्या कंपन्यांची कामंही येतील, ती यावीतच. माझी मागणी लहान आहे. या रकमेतला एक ठरावीक वाटा मराठीतल्या आणि मराठीच्या बोलींतल्या कौटुंबिक कार्टून मालिकांसाठी राखून ठेवा, आणि पहिल्या संहिता मागवाल तेव्हा मुंबई-पुण्याबरोबर वडशाच्या नाटककारांनाही पत्र पाठवा.