आवाज आपला, सही कुणाची?

वरातीत बँडवाल्याने 'ऐका दाजिबा' धरलं की बाजूला उभ्या राहिलेल्या बायासुद्धा ताल धरतात. हे गाणं आलं २००२ च्या सुमारास. असा अल्बम तयार कसा होतो, लोकांनी तो कसा घेतला आणि त्यातून आपण काय घ्यायचं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

अल्बम म्हणजे सिनेमासाठी नाही, तर खास कॅसेट किंवा सीडीसाठी केलेली काही गाणी. मराठीत भावगीतं, भक्तिगीतं, लोकगीतं कॅसेटवर होतीच. १९९८ मध्ये मिलिंद इंगळे यांचा 'गारवा' आला. शब्द कवी सौमित्र यांचे होते. कॉलेजातल्या पोरापोरींना मराठी अल्बमची गोडी लागली. त्यानंतर अवधूत गुप्ते यांच्या संगीतातला 'ऐका दाजिबा' आला. गायिका वैशाली सामंत. त्याआधी २००१ च्या 'लगान'मध्ये आशा भोसले आणि उदित नारायण यांच्यासोबत 'राधा कैसे ना जले' या गाण्यात त्यांचा आवाज होता. पण त्यांचं नाव घरोघरी पोहोचलं ते 'दाजिबा'मुळे.

गाणं कानाला सोपं वाटतं, पण त्यामागे बरेच हात असतात. आधी शब्द आणि चाल. मग ठेका आणि एकेक वाद्य वेगवेगळं रेकॉर्ड होतं. गाणारी बंद खोलीत कानाला हेडफोन लावून गाते. एकच ओळ दहादा म्हणावी लागते, आणि त्यातली चांगली ठेवतात. शेवटी सगळे आवाज कमी-जास्त करून एकत्र बसवतात. मग कंपनी ते बाजारात आणते.

'दाजिबा'चं वेगळेपण असं, की ठेका गावाकडच्या मातीतला आणि वाद्यांचा साज नव्या जमान्याचा. म्हणून शहरातल्या पोरांनाही ते आपलं वाटलं आणि गावच्या बँडलाही वाजवता आलं. गाण्याचा व्हिडिओही निघाला. त्यात इशिता अरुण आणि मिलिंद गुणाजी दिसले. पुढे २००८-०९ मध्ये टीव्हीवरच्या 'लिटिल चॅम्प्स'मध्ये लहान मुलांच्या गाण्याला गुण द्यायला परीक्षक म्हणून बसले ते हेच दोघं, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. पडद्यावर चेहरा एकीचा असतो आणि आवाज दुसरीचा. चेहरा लक्षात राहतो. आवाजवालीचं नाव लिहिलेलं असेल, तरच ती लोकांना कळते.

हे आज सांगायचं कारण म्हणजे आपल्या शिंदखेडा भागातही आता अहिराणी गाणी रेकॉर्ड होऊन मोबाईलवर येतात. आमच्या एका गटातल्या मुलीने हळदीचं गाणं गायलं. हातावर एकदाच थोडे पैसे मिळाले, एका कागदावर सही घेतली. गाणं लग्नालग्नात वाजलं, पण तिचं नाव कुठेच नाही. कागदात काय लिहिलं होतं, ते तिला आजही माहीत नाही.

कायदा मात्र गाणाऱ्याच्या बाजूने आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा. २०१२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा, म्हणजे गाणं वापरलं जाईल तसा मिळणाऱ्या पैशाचा हक्क पक्का झाला. गाण्याचा धंद्यासाठी वापर झाला तर गायिकेलाही रॉयल्टीचा हक्क आहे. आखाजीची, कानबाईची पिढ्यानपिढ्या चालत आलेली गाणी कुणा एकाच्या मालकीची नाहीत. पण ती तुम्ही गायलात, तर त्या गाण्यावर गायिका म्हणून तुमचा हक्क असतो.

म्हणून सही करण्याआधी एवढं बघा:

१. कोणतं गाणं आणि ते कशासाठी वापरणार, हे लिहिलंय का?

२. किती वर्षांसाठी? मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. 'कायमचं' असं लिहिलेलं असेल तर थांबा आणि विचारा.

३. कुठे वापरणार? काहीच लिहिलं नसेल तर फक्त भारतापुरतं धरतात.

४. पैसे एकदाच, की पुढेही? रॉयल्टीचं काय लिहिलंय?

५. गाण्यासोबत तुमचं नाव येणार का?

कागदाची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. वाचता येत नसेल तर गटाच्या बैठकीत सचिव ताईंकडून मोठ्याने वाचून घ्या, लाजू नका. गटाच्या रजिस्टरात आपण दहा रुपयांचीही नोंद करतो. मग आपल्या गळ्याची नोंद का नको?

पोरींना गाऊ द्या. फक्त कागद आधी वाचा आणि सही नंतर करा.