सोळा स्टडांचे इंजिन

टॅपेटचा आवाज येऊ लागला की मिस्त्री वरचे झाकण उघडतो, ढिला झालेला नट आवळतो आणि गाडी मोकळी करतो. जुन्या शेव्हर्ले व्ही-८ इंजिनात तोच नट थोड्याच दिवसांत पुन्हा ढिला निघाला, तर दोष नटाचा नसतो. ज्या स्टडवर तो नट बसला आहे, तो स्टडच हेडमधून वर सरकू लागलेला असतो.

हे ‘स्मॉल ब्लॉक’ इंजिन बाजारात आले १९५५ साली. शेव्हर्लेचे मुख्य अभियंता एड कोल यांच्या हाताखाली ते घडले. पहिल्या इंजिनाची क्षमता २६५ घनइंच, म्हणजे सुमारे ४.३ लिटर होती. शेव्हर्लेची मालक कंपनी जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला १९२८ पासून गाड्यांची जोडणी केली, पण ते काम १९५४ मध्ये थांबले आणि हे इंजिन तिथे पोहोचलेच नाही. अमेरिकेत मात्र ते घरोघरी गेले. पुढच्या पिढ्या धरून दहा कोटी स्मॉल ब्लॉक बनल्याचे कंपनीने २०११ साली जाहीर केले.

त्याच्या यशातला मोठा वाटा व्हॉल्व्ह उघडण्याच्या पद्धतीचा. जुन्या इंजिनांत व्हॉल्व्ह दाबणारे सगळे रॉकर एका लांब शाफ्टवर बसत. त्याला आधार देणारे ठोकळे आणि तेल पोहोचवायच्या वाटा, सगळे वेगळे करावे लागे. जनरल मोटर्सच्याच पाँटियाक विभागात निघालेल्या कल्पनेने हा पसारा संपवला. पत्र्यातून दाबून काढलेला प्रत्येक रॉकर आपापल्या स्टडवर, अर्धगोल टेकूवर झुलतो आणि त्याला खालून ढकलणाऱ्या पोकळ पुशरॉडमधून वर येणारे तेल त्याला भिजवते. हलके, स्वस्त आणि प्रत्येक व्हॉल्व्ह स्वतंत्र सेट करता येईल असे. फार सुंदर काम आहे हे! काटकसर एक पाऊल पुढे गेली ती स्टड बसवताना. ३/८ इंचाच्या स्टडला हेडमध्ये आटेच नाहीत. किंचित लहान भोकात तो नुसता दाबून बसवलेला असतो.

त्याच्यावरचा भार मोजून पाहावा. रॉकर हा बागेतल्या सी-सॉसारखा, फक्त त्याच्या दोन बाजू सारख्या नाहीत. प्रमाण दीडास एक. व्हॉल्व्हची साधी स्प्रिंग पूर्ण दाबली की सुमारे ९० किलोचा जोर परत मारते. पुशरॉडला त्याच्या दीडपट रेटावे लागते आणि दोन्हींची बेरीज, सव्वादोनशे किलोच्या आसपास, स्टडला वर ओढते. इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असेल तर ही ओढ सेकंदाला तेहेतीस वेळा बसते. कारखान्याने हिशेब केला होता तो एवढ्याचाच. शर्यतीच्या हौसेने मालकांनी उंच लिफ्टचा कॅमशाफ्ट आणि कडक स्प्रिंगा घातल्या की स्टड उपटू लागतात. लिफ्ट वाढल्यावर रॉकरच्या खाचेचे टोक स्टडला घासले, तर तिथे ओरखडा पडतो, ओरखड्यातून तडा जातो आणि एक दिवस स्टड तुटतो.

उपटलेला स्टड ओळखायला सरळ पट्टी पुरते. ओळीतल्या स्टडांच्या डोक्यांवर ती टेकवली की वर आलेला लगेच दिसतो. तो काढणेही सोपे: वर वॉशर रचायचे, नट चढवायचा आणि आवळत जायचे. अगदी बुडाशी तुटलेला मात्र घाम काढतो. त्याच्या बरोबर मध्यावर भोक पाडावे लागते. ड्रिल तिरके गेले की शेजारच्या ओतीव लोखंडाची भिंत खाल्ली जाते. हेड न उतरवता हे करायचे तर तेल परतण्याची भोके आधी चिंध्यांनी बुजवावी आणि ड्रिलला ग्रीस लावावे. लोखंडाचा कीस खाली गेला, तर कॅमशाफ्ट आणि बेअरिंग त्याची किंमत मोजतात.

आता दुरुस्तीचे मार्ग. बाजूने आडवे भोक पाडून पिन ठोकणे हा जुना स्वस्त उपाय. पण ज्या स्टडवर एवढी ओढ आहे, त्यालाच भोक पाडून कमजोर करणे पटत नाही. मूळच्यापेक्षा तीन सहस्रांश इंचाने जाड स्टडही मिळतो. रीमरने भोक मोठे करून तो दाबला, तर साध्या स्प्रिंगांवर चालणाऱ्या गाडीला पुरतो. खरी पक्की दुरुस्ती आट्यांची. हेड मशीनवर बांधून स्टडखालचा उंचवटा षट्कोनी बैठकीच्या जाडीइतका छाटतात, ७/१६ इंचाचे आटे पाडतात आणि नवा स्टड आवळतात. काही हेडांत ही भोके हवा आत घेणाऱ्या मार्गात उघडतात, तिथे आट्यांना सीलंट लावले नाही तर तेल आत ओढले जाऊन धूर निघतो. सोबत गाइड-प्लेट घातली, तर पुशरॉड कडक पाणी दिलेले हवेत आणि हेडमधल्या अरुंद खाचा रुंद करायला हव्यात. नाहीतर पुशरॉड दोन ठिकाणी अडतो.

तुटतो एकच, पण बाकीचे पंधराही तितकेच चाललेले असतात. हेड एकदा मशीनवर चढले की वेळ जातो तो मुख्यतः त्याला समतल बांधण्यात. म्हणून जाणता कारागीर एकावर थांबत नाही, सोळाही बदलून घ्यायला सांगतो.