कुलूपबंद घर आणि कराची नोटीस

कर कोणाचा? कलबुर्गी शहरात महानगरपालिकेचा (1976 चा कायदा). भालकी, बसवकल्याण, आळंदसारख्या गावांत नगरपालिकेचा (1964 चा कायदा). खेड्यात ग्रामपंचायतीचा (1993 चा कायदा). कन्नड नोटिशीतील ‘आस्ती तेरिगे’ म्हणजे मालमत्ता कर.

कुलूप लावले म्हणून कर थांबत नाही. शहरी आकारणी भाड्यावर नव्हे, तर जमीन आणि बांधकाम यांच्या मूल्यावर होते. विवरण मालकानेच भरायचे असते, म्हणजे स्वयं-आकारणी. त्यामुळे ‘घर बंद आहे’ एवढ्यावर उत्तर टिकत नाही. तपासायच्या गोष्टी या:

• क्षेत्रफळ आणि बांधकामाचा प्रकार
• इमारतीचे वय
• वापर : निवासी की व्यापारी
• मोकळा प्लॉट की बांधलेले घर. दोन्हींची आकारणी वेगळी

जोडायचे कागद : शहरात ई-खाते, खेड्यात ‘ई-स्वत्तू’चे नमुना 9 आणि 11, जुन्या करपावत्या, मोजमापाचा नकाशा. वापर निवासी की व्यापारी, यावर वाद असेल तर जेस्कॉमचे वीजबिलही. उत्तर लेखी, नोटिशीतल्या मुदतीत. पोच घ्यावी.

प्राप्तिकर वेगळा. पुण्याला किंवा हैदराबादला स्थायिक झालेल्यांसाठी हे महत्त्वाचे. आर्थिक वर्ष 2019-20 पासून स्वतःसाठी ठेवलेल्या 2 घरांचे वार्षिक मूल्य शून्य धरता येते. स्वतःसाठी ठेवलेले तिसरे घर बंद असले, तरी भाड्याने दिल्यासारखे धरले जाते. मात्र त्यावर प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर वजा होतो.

सूट : शहरी मालमत्ता कर एप्रिलमध्ये पूर्ण भरल्यास 5 टक्के.