सिद्दींचा किल्ला आणि सिद्दींचे रान

होडी तटाला अगदी भिडेपर्यंत जंजिऱ्याचा दरवाजा दिसत नाही. बुरुजांच्या वळणात तो असा लपवला आहे की समोरून येणाऱ्या गलबताला नुसती काळी भिंत दिसावी. आत शिरताना भिंतीवर एक शार्दूल कोरलेला आहे. त्याने पंजांत हत्ती पकडले आहेत, एक तर शेपटीत गुंडाळलाय. बहुतेक पर्यटक मुरुड तालुक्यातला एवढाच वन्यप्राणी पाहतात, कलालबांगडी तोफेपाशी फोटो काढतात आणि संध्याकाळी मुंबई-पुण्याची वाट धरतात. तोफेला आणि शार्दूलाला मान द्यायलाच हवा, पण ही सहल अर्धवट राहते. किल्ल्याच्या सिद्दी नवाबांनी मागे ठेवलेली दुसरी मोठी गोष्ट किल्ल्यात नाही, डोंगरात आहे.

ती म्हणजे फणसाड. जंजिरा संस्थानच्या नवाबांचे हे शिकारीचे राखीव रान. सामान्य रयतेला तिथे शिकारीची मुभा नव्हती आणि लाकूडतोडीवरही पहारा होता, म्हणून झाडे वाचली. नवाबाच्या हौसेने जंगल टिकावे हे आज ऐकायला बरे वाटत नाही, पण देशातल्या अनेक अभयारण्यांची जन्मकथा अशीच आहे. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले आणि 1986 मध्ये फणसाड अभयारण्य म्हणून जाहीर झाले.

इथला नायक शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तांबूस-तपकिरी अंगाची ही मोठी खार जमिनीवर क्वचितच उतरते. या फांदीवरून त्या फांदीवर वीस-वीस फुटांची झेप घेते आणि उंच बेचक्यांत काटक्या-पानांची गोल घरटी बांधते, तीही एकापेक्षा जास्त. म्हणजे तिला जगायला नुसती झाडे पुरत नाहीत, एकमेकांना फांद्या लावून उभी असलेली झाडे लागतात. मधेच एक रुंद रस्ता गेला तर तिच्या लेखी ती दरीच. अंजनी, ऐन, किंजळ, जांभूळ यांचे दाट रान आणि त्यात चढलेल्या गारंबीच्या महावेली फणसाडमध्ये अजून आहेत, म्हणून शेकरूही आहे. गारंबीच्या शेंगा हातभर नव्हे, कधी कधी पुरुषाच्या कमरेच्या उंचीपेक्षाही लांब असतात. बिबट्या, सांबर, भेकर आहेत, पण दिसण्याची खात्री कोणी देऊ नये. त्यापेक्षा पाणवठ्यापाशी गप्प बसावे. या पाणवठ्यांना इथे गाण म्हणतात. चिखलगाण, फणसाडगाण अशी त्यांची नावे. कोकणात पाऊस धो-धो पडतो, पण जांभा खडक पाणी धरून ठेवत नाही. उन्हाळ्यात माळ करपून जातो आणि सगळ्या रानाची वर्दळ या मोजक्या गाणांवर येते.

गिधाडांची कथा जरा वेगळी. गुरांना पूर्वी दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरातून गिधाडाच्या पोटात जाते आणि त्याची मूत्रपिंडे निकामी करते. 2006 मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर देशभरातली गिधाडे जवळजवळ संपत आली होती. फणसाडमध्ये वनखात्याने त्यांच्यासाठी मृत जनावरे ठेवण्याची सोय केली. शेजारच्या म्हसळा तालुक्यात चिरगावच्या झाडांवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी राखली गेली. 3 जून 2020 रोजी अलिबागच्या दक्षिणेला धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळाने माडा-पोफळीच्या बागांबरोबर त्या झाडांनाही झोडपले.

आता पुन्हा पाण्याकडे. जंजिऱ्याच्या बेटावर आधी कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता. रामपाटील हे त्यांच्या नायकाचे नाव. निजामशाहीच्या सरदाराने तो दगा देऊन घेतला, पुढे दगडी किल्ला उठला आणि आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी तो तीनशेहून अधिक वर्षे हातचा जाऊ दिला नाही. शिवाजी महाराजांनी जवळच्याच कांसा बेटावर पद्मदुर्ग उभारून त्याला शह दिला. संभाजी महाराजांनी खाडीत दगड टाकून सेतू बांधायला घेतला. तटाला शिड्या लावण्याचे धाडस केलेल्या लाय पाटलांना शिवाजी महाराजांनी पालखी देऊ केली, तेव्हा दर्यावर्द्याला पालखीचा काय उपयोग, असे ते म्हणाले; मग त्यांना 'पालखी' नावाचे गलबतच मिळाले, असे सांगतात. जंजिरा अजिंक्य राहिला त्यात चमत्कार नव्हता. चहूबाजूंनी खारे पाणी, आत गोड्या पाण्याचे तलाव, तटावर लांब पल्ल्याच्या तोफा आणि समुद्र ओळखणारे खलाशी, एवढ्याने भागले. या सिद्दी सरदारांच्या कबरी खोकरी गावाजवळ घुमटांखाली आहेत. किल्ल्यातल्या गर्दीचा शंभरावा हिस्साही तिथे नसतो.

उत्तरेला कोर्लई आहे. पोर्तुगीज इथून 1740 च्या सुमारास गेले, पण किल्ल्याखालच्या वस्तीतले ख्रिस्ती लोक पोर्तुगीजपासून घडलेली स्वतःची बोली घरात आजही बोलतात. शब्द पोर्तुगीज, तर वाक्यात क्रियापद शेवटी, अगदी मराठीसारखे. शेजारच्या चौल बंदरात पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी उतरला होता. रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे. राजपुरीच्या खाडीच्या आतल्या टोकाशी कुड्याची बौद्ध लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांमध्ये माळी आहे, वैद्य आहे, लोखंडाचा व्यापारीही आहे. बंदरावरचा पैसा कुठे खर्च झाला त्याची ही दोन हजार वर्षांपूर्वीची नोंदच म्हणायची. एवढ्याशा किनाऱ्यावर इतकी माणसे येऊन गेली, आणि आपण मात्र तिथे फक्त किल्ला पाहायला जातो.

मुंबईकरांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंत गाडीसह बोटीने जाता येते, पुढे रस्ता आहेच. दोन दिवस ठेवावेत. पहिली सकाळ फणसाडला द्यावी, उजाडताच. सुपेगावाजवळून आत जाता येते. भडक कपडे, स्पीकर आणि चिप्सची पाकिटे घरीच ठेवावीत. किल्ला दुसऱ्या दिवशी. पावसाळ्यात राजपुरीहून किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात, त्यामुळे बेत दसऱ्यानंतरचा करावा.